जुन्या अल्फा जीटीव्हीची ताकद वाढवताना: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच घराण्यातल्या गाड्यांबद्दल होती, म्हणून हे सदर आम्ही त्या घराण्यालाच दिलं आहे. अल्फा रोमिओची १०५ मालिकेतली कूपे १९६३ मध्ये आली. तिचं आरेखन बेर्तोने या गाड्यांच्या आरेखन-संस्थेकडे काम करणाऱ्या पंचविशीतल्या जॉर्जेत्तो जुजारोचं. तिला १३००, १६००, १७५० आणि शेवटी २००० अशी इंजिनं मिळाली. बहुतेक प्रश्न १९७१ ते १९७६ या काळातल्या २००० जीटीव्हीबद्दल आहेत, म्हणजे १९६२ सीसी, ८४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ८८.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), दोन ओव्हरहेड कॅम आणि कारखान्यातून निघताना सुमारे १३० अश्वशक्ती. पत्र पाठवणाऱ्यांची नावं न देता फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): १९७३ची २००० जीटीव्ही नुकतीच घेतली. चालते बरी, पण वरच्या आरपीएमला दम कमी वाटतो. एका दुकानदाराने ४५चे वेबर कार्ब्युरेटर आणि रेसिंगचे कॅम सुचवलेत. १६० अश्वशक्ती हवी आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: दोन्ही गोष्टी आत्ता घेऊ नका. पन्नास वर्षांच्या इंजिनात दम कमी असेल, तर मूळच्या १३० पैकी किती उरली आहे हा पहिला प्रश्न. अशा गाडीत वीस-पंचवीस अश्वशक्ती नुसती हरवलेली असणं अगदी शक्य आहे, आणि ती परत मिळवायला खर्चही सगळ्यात कमी येतो.

इंजिन पूर्ण गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती येतो यापेक्षा चौघांत फरक किती आहे ते पाहा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. नंतर गळतीची चाचणी करा: एकेक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून गाडी गिअरमध्ये अडकवा आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडा. दहा टक्क्यांपर्यंतची गळती चांगल्या इंजिनाची, वीसच्या पुढे गेली तर काम आहे. हवा कुठून जाते ते कान देऊन ऐका. कार्ब्युरेटरमधून सुसाट आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट.

मग टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या बकेटमधला गॅप. इंजिन थंड असताना इनलेटला ०.४७५ ते ०.५०० मिमी, एक्झॉस्टला ०.५२५ ते ०.५५० मिमी. या इंजिनात गॅप ठरवणारी शिम (छोटी चकती) बकेटच्या खाली असते, म्हणजे ती बदलायला कॅम काढावाच लागतो. म्हणूनच हे काम वर्षानुवर्षं टाळलं जातं. आधी आठही गॅप लिहून काढा, मग कॅम एकदाच काढून प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजा. हव्या जाडीचा हिशेब साधा आहे: जुनी शिम अधिक मोजलेला गॅप वजा हवा असलेला गॅप.

त्यानंतर एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. कुणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत पाहा. थ्रॉटलच्या चकत्या पूर्ण आडव्या होतात का? झिजलेल्या लिंकेजमुळे, किंवा पेडलखाली जाड मॅट आल्यामुळे, त्या बऱ्याच गाड्यांत पूर्ण उघडतच नाहीत. वरच्या आरपीएमला दम नसल्याचं हे फार साधं कारण आहे.

आता दुकानदाराच्या ४५ बद्दल. कार्ब्युरेटरच्या नावातला ४० किंवा ४५ हा आकडा थ्रॉटलच्या नळीचा व्यास सांगतो. इंजिनाला हवा किती मिळणार हे मात्र आतली काढता येणारी व्हेंच्युरी, म्हणजे अरुंद गळा, ठरवते. वेबरच्या ४० डीसीओई या मॉडेलमध्ये ३६ मिमीपर्यंतची व्हेंच्युरी बसते. १६० अश्वशक्तीच्या रस्त्यावरच्या २००० इंजिनाला ३४ पुरते, फार तर ३६. त्याहून मोठी घातली की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फुटत नाही आणि गाडी गावात ओढेनाशी होते. कागदावर वाढलेली ताकद ६५०० च्या आसपास हाती येते, आणि तिथे तुम्ही दिवसातून किती वेळा जाता?

इंजिन निरोगी निघालं, तर खर्चाचा आमचा क्रम असा: सुस्थितीतलं इग्निशन, ३४च्या व्हेंच्युरी व त्यांना जुळणारे जेट, मग हेडचं काम, आणि हेड काढलेलंच आहे तर तेव्हाच कॅम व पिस्टन. हे सगळं एकमेकांना जुळवून केलं तर १५५ ते १६५ च्या घरात पोचणं शक्य आहे, आणि गाडी रोज वापरण्यासारखी राहते.

प्रश्न (दादर, मुंबई): माझं आयुष्य पद्मिनीच्या कार्ब्युरेटरवर गेलं. पुतण्याकडे म्युनिकला २००० जीटीव्ही आहे. उन्हाळ्यात तिकडे जाणार आहे आणि तिचे दोन वेबर मीच जुळवावेत असा त्याचा आग्रह आहे. काय वेगळं आहे?

उत्तर: पद्मिनीत एक कार्ब्युरेटर चार सिलिंडरांना वाटून पेट्रोल देत होता. इथे चार सिलिंडरांना चार स्वतंत्र नळ्या आहेत. म्हणजे तुम्ही चार छोटी इंजिनं एका क्रँकवर जुळवताय असं धरा. कौशल्य तेच आहे, फक्त काम चारदा करायचं आणि चौघांची तुलना करत राहायचं. सोबत सिंक्रोमीटर हवा, म्हणजे नळीच्या तोंडावर धरून हवेचा प्रवाह मोजणारं छोटं यंत्र.

आधी रबरी माउंट तपासा. या गाडीत कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामध्ये रबराचे माउंट असतात. ते वयाने चिरतात, आणि चीर बहुधा खालच्या बाजूला असते म्हणून दिसत नाही. तिथून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी; जाड म्हणजे उलट) आणि मग कितीही स्क्रू फिरवा, आयडल स्थिर होणार नाही. इंजिन चालू ठेवून माउंटभोवती कार्ब क्लीनरचा अगदी हलका फवारा मारा, आरपीएम बदललं तर माउंट गेलेत. एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला असला तरी फवारा ज्वालाग्राही आहे, अग्निशामक हाताशी ठेवा. एक गेलं असेल तर सगळे बदला. कार्ब्युरेटरच्या खालचा आधाराचा ब्रॅकेट जागेवर आहे ना तेही पाहा, तो नसेल तर सगळं वजन रबरावर लटकतं आणि नवे माउंटही लवकर फाटतात.

पेट्रोलचा दाब ०.२ बारच्या आसपास हवा. बाजारातले अनेक इलेक्ट्रिक पंप याच्या दुपटीने ढकलतात, नीडल व्हॉल्व्ह ते रोखू शकत नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. असा पंप असेल तर रेग्युलेटर लावा. पितळी फ्लोट असेल तर झाकण उभं धरून, गॅस्केटपासून फ्लोटपर्यंत ८.५ मिमी आणि पूर्ण खाली पडल्यावर १५ मिमी. हे मोजताना नीडलच्या टोकावरची स्प्रिंगची गोळी दबता कामा नये.

टॅपेट आणि इग्निशन आधीच झालेलं असलं पाहिजे. आता इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा आणि पेडलकडून येणारा रॉड सोडवा, नाहीतर तोच थ्रॉटल किंचित उघडा धरतो आणि तुमचं सगळं माप चुकतं. चारही मिक्श्चर स्क्रू अलगद आत टेकवा. जोर लावला तर टोकावर वण पडतो आणि तो स्क्रू पुन्हा कधीच नीट जुळत नाही. तिथून जुन्या, जाड आट्यांच्या स्क्रूला साधारण एक फेरा बाहेर. नंतरच्या बारीक आट्यांच्या स्क्रूला दोन ते अडीच फेरे.

गाडी चालू करून चारही तोंडांवर सिंक्रोमीटर धरा. दोन कार्ब्युरेटरमधला फरक त्यांच्यामधल्या जोड-स्क्रूने घालवा. एकाच कार्ब्युरेटरच्या दोन नळ्यांत फरक असेल तर ते त्या स्क्रूचं काम नाही. नंतरच्या डीसीओईंना प्रत्येक नळीसाठी लॉकनट असलेला हवेचा बायपास स्क्रू असतो. जास्त हवा घेणाऱ्या नळीचा बंद ठेवा आणि कमी घेणारीचा थोडा उघडा. बायपास नसेल आणि फरक मोठा असेल, तर थ्रॉटलचा शाफ्ट पिळला गेलेला असतो आणि त्याला दुरुस्तीच लागते.

यानंतर मिक्श्चर. एकेक स्क्रू पाव फेऱ्याने आत घ्या, जोवर आरपीएम पडत नाही तोवर. मग बाहेर काढत जा आणि इंजिन जिथे सर्वांत गुळगुळीत फिरू लागतं तिथे थांबा. चौघांचं झाल्यावर आयडल ८५० ते ९५० मध्ये आणा आणि हवेचा प्रवाह पुन्हा एकदा मोजा, कारण एक बदललं की दुसरं हलतंच. एखादा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर त्या नळीचा स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारं छिद्र) कचऱ्याने बुजलेला आहे. शेजारच्या नळीशी जेटची अदलाबदल करा. दोष जेटबरोबर गेला तर जेट, जागेवरच राहिला तर आतली वाट बंद आहे.

शेवटी पेडलचा रॉड जोडा आणि ३००० आरपीएमला पुन्हा मोजा. आयडलला जुळलेले कार्ब्युरेटर इथे जुळत नसतील तर लिंकेजचे बॉल जॉइंट झिजले आहेत. हा शेवटचा टप्पा कुणी करत नाही, आणि गाडी चालते ती मात्र ३००० लाच.

प्रश्न (तुरिन, इटली): ३४च्या व्हेंच्युरी घातल्या, मेन जेट १३५. वर छान पळते, पण २२०० ते २८०० मध्ये अडखळते आणि कार्ब्युरेटरमधून फट्कन आवाज येतो. मेन जेट १४० आणि १४५ करून पाहिले, फरक नाही.

उत्तर: फरक पडणारही नाही, कारण त्या पट्ट्यात मेन जेटची पाळी अजून आलेली नसते. हलक्या पायाने साधारण २५०० ते ३००० पर्यंत इंजिन स्लो जेटवर आणि थ्रॉटलच्या कडेशी असलेल्या प्रोग्रेशनच्या छिद्रांवर चालतं. कार्ब्युरेटरमधून उलटा फटका म्हणजे मिश्रण पातळ. मेन १३५ वर परत आणा आणि स्लो जेट ५० एफ ९ असेल तर ५५ एफ ९ घालून पाहा. पहिला आकडा पेट्रोलच्या छिद्राचा, एफनंतरचा हवेच्या छिद्राचा संकेत. एफ ८ थोडा पातळ, एफ ९ मधला, एफ ६ जाड.

व्हेंच्युरी बदलताना मेन जेटसाठी व्हेंच्युरीचा व्यास गुणिले चार, आणि एअर जेटसाठी त्यात ५० मिळवा. ३४ ला १३६ येतात, म्हणजे १३५ आणि १८५. इमल्शन ट्यूब २००० इंजिनात एफ १६ किंवा एफ २. हे सुरुवातीचे आकडे आहेत. पक्के आकडे रुंद पट्ट्याच्या लॅम्डा मीटरवर ठरवा, तो एक्झॉस्टवरून एका भाग पेट्रोलला किती भाग हवा ते सांगतो: एकसारख्या वेगात जाताना १३.५ ते १४, पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३. पूर्ण आरपीएमभर पातळ असेल तर मेन वाढवा. फक्त ५००० च्या वर पातळ होत असेल तर एअर जेट लहान करा.

प्रश्न (हॅम्बुर्ग): गॅरेजवाला म्हणतो, हेडचं फेसिंग (तळ कापणं) दीड मिमीने करून कॉम्प्रेशन ९ वरून १० करू. पिस्टन घेण्यापेक्षा स्वस्त पडेल. करू द्यावं का?

उत्तर: अजिबात नको. हिशेब पाहा. ८४ मिमी बोअर आणि ८८.५ मिमी स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचे ४९०.४ सीसी. ९:१ साठी वरची एकूण जागा त्याच्या एक अष्टमांश, ६१.३ सीसी. १०:१ साठी एक नवमांश, ५४.५ सीसी. म्हणजे जवळपास ७ सीसी कमी करायचे. बोअरचं क्षेत्रफळ ५५.४ चौरस सेंमी, तेव्हा अर्धा मिमी कापला तर फार तर २.८ सीसी जातात आणि कॉम्प्रेशन होतं सुमारे ९.४. नव्या हेडची उंची ११२ मिमी, आणि १११.५ च्या खाली जाऊ नये अशी मर्यादा. तो अर्धा मिमी अख्ख्या आयुष्याचा आहे, आणि तुमच्या हेडचा काही भाग आधीच्या कुणी वापरलेला असू शकतो. कापण्याआधी उंची मोजा.

दीड मिमीने क्रँक आणि कॅममधलं अंतरही बिघडतं, दोन्ही कॅम मागे पडतात. हेड पातळ झालं की पुढच्या वेळी गरम होऊन वाकल्यावर सरळ करायला धातूच उरत नाही. १० किंवा साडेदहाचं कॉम्प्रेशन हवं असेल तर उंच डोक्याचे पिस्टन घ्या, फेसिंग फक्त सपाटीपुरतं.

पिस्टन बदलताना लायनरही निघतात, आणि या इंजिनाच्या हेड गॅस्केटचं भवितव्य तिथे ठरतं. लायनर ओले आहेत, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे, आणि खालच्या सीलवर उभे राहतात. बसवल्यावर ते ब्लॉकच्या पातळीच्या ०.०१ ते ०.०६ मिमी वर आले पाहिजेत, आणि शेजारच्या दोन लायनरांतही फरक राहता कामा नये. डायल गेजने मोजा, बोटाने नाही. खाली गेलेला लायनर गॅस्केट दाबू शकत नाही आणि काही हजार किलोमीटरमध्ये पाणी व ऑइल एकत्र येतं. हेडखालच्या ऑइलच्या वाटांभोवतीचे रबरी रिंगही नवेच घाला.

प्रश्न (बंगळूर, सध्या मुक्काम ब्रिस्टल): मित्राच्या १७५० ला १०.५ मिमी लिफ्टचे (व्हॉल्व्ह तेवढा उघडणारे) कॅम बसवतोय. कॅमवरच्या खुणा बेअरिंगच्या टोपीवरच्या खुणांशी जुळवल्या की झालं ना?

उत्तर: मूळ कॅमला झालं. बाहेरच्या कॅमला नाही. खूण चार-पाच अंशांनी चुकलेली असू शकते आणि एवढ्याने इंजिनाचा स्वभाव बदलतो.

क्रँकवर ३६० अंशांची चकती लावा. पहिल्या पिस्टनचं वरचं टोक नुसत्या डोळ्याने ठरवू नका. तिथे पिस्टन काही अंश जवळजवळ हलतच नाही. प्लगच्या भोकातून अडसर घाला, इंजिन हाताने दोन्ही बाजूंनी अडसराला अलगद टेकवा, आणि दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरं टोक. मग अडसर काढा आणि इनलेटच्या बकेटवर डायल गेज लावा. सर्वोच्च लिफ्टच्या आधी आणि नंतर, एक मिमी खाली असतानाचे दोन कोन लिहा आणि त्यांचा मध्य काढा. इनलेटला टोकानंतर आणि एक्झॉस्टला टोकाआधी १०२ ते १०६ अंश ही रस्त्यावरच्या कॅमसाठी चांगली जागा. कॅम बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. या मोजणीत इंजिन नेहमी त्याच्या चालीच्या दिशेनेच फिरवा. मागे फिरवलंत तर चेनची ढील मापात शिरते. पुढे गेलात तर पाव फेरा मागे नेऊन पुन्हा पुढून या.

बारीक बदलासाठी अल्फाने स्प्रॉकेटमध्येच सोय केली आहे: दोन चकत्यांत भोकांची संख्या वेगळी आहे, त्यामुळे प्रत्येक जागी एकच जोडी समोरासमोर येते. बोल्ट काढा, कॅम किंचित फिरवा, जुळलेल्या नव्या भोकात घाला. चेनच्या ताणाचा लॉकबोल्ट सैल करून इंजिन दोन फेरे फिरवून परत आवळा, मगच पुन्हा मोजा.

आता पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर. व्हॉल्व्हला हलक्या स्प्रिंगा घालून, एक्झॉस्टला वरच्या टोकाच्या दहा अंश आधी आणि इनलेटला दहा अंश नंतर, व्हॉल्व्ह हाताने पिस्टनला टेकेपर्यंत ढकला आणि गेजवर वाचा. इनलेटला किमान १.५ मिमी, एक्झॉस्टला २ मिमी. एक्झॉस्टला जास्त, कारण तो गरम होऊन लांबतो आणि वरच्या आरपीएमला स्प्रिंग दमली तर पिस्टन त्याचाच पाठलाग करत येतो. स्प्रिंगांची पूर्ण दाबलेली उंचीही तपासा: सर्वोच्च लिफ्टला वेटोळ्यांत मिळून किमान १ मिमी जागा उरली पाहिजे.

पहिल्यांदा चालू करताना कॅमला दाट पेस्ट लावलेली असू द्या, आणि इंजिन पेटताच २००० ते २५०० वर वीस मिनिटं ठेवा. आयडलवर सोडलंत तर नव्या लोबला पुरेसं ऑइल मिळत नाही आणि ते तिथेच ओरखडतात. म्हणूनच पेट्रोल, इग्निशन, पाणी सगळं आधी तपासून घ्या, कारण वीस मिनिटं मध्ये थांबता येत नाही. ऑइल जस्त-फॉस्फरसयुक्त २०डब्ल्यू-५०.

प्रश्न (नाशिक): जीटीए या शर्यतीच्या हलक्या आवृत्तीमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते. तसं हेड २००० ला लावून किती फायदा होतो?

उत्तर: जीटीए १९६५ मध्ये आली, १५७० सीसी, ॲल्युमिनियमचे बाहेरचे पत्रे, रस्त्यावरच्या रूपात ११५ अश्वशक्ती. शर्यतीची बाजू कार्लो कीतींच्या आउटोदेल्ताने सांभाळली. दोन प्लगचं कारण चेंबरच्या आकारात आहे. व्हॉल्व्हमधला कोन ८० अंशांचा, चेंबर अर्धगोल, आणि कॉम्प्रेशन वाढवायला पिस्टनचं डोकं त्यात उंच घुसवलेलं. एका प्लगची ज्वाला त्या डोक्याला वळसा घालून जाते, वेळ लागतो, म्हणून ठिणगी फार आधी द्यावी लागते. दोन प्लगनी वाट निम्मी होते. शर्यतीच्या साडेदहा-अकराच्या कॉम्प्रेशनला ते मोलाचं आहे. १०:१ च्या रस्त्यावरच्या गाडीत मात्र एवढ्या खर्चात चांगले पिस्टन, कॅम आणि हेडचं काम तिन्ही होतात.

एका प्लगच्या हेडला कॉम्प्रेशन वाढवल्यावर एकूण ॲडव्हान्स (ठिणगी वरच्या टोकाआधी किती अंश पडते ते) ३६ ते ३८ अंशांपासून सुरू करा आणि ठोका ऐकू येतो का ते चढावर, चौथ्या गिअरमध्ये तपासा. पुलीवरच्या अक्षरांत पी म्हणजे वरचं टोक, एफ आयडलचा ॲडव्हान्स आणि एम कमाल. ती एमची खूण मूळ इंजिनाची आणि त्या काळच्या पेट्रोलची आहे, बदललेल्या इंजिनाला तिच्यावर नेऊन बसवू नका.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): माझ्या २००० ला स्पिका हे यांत्रिक इंजेक्शन आहे. सगळे म्हणतात, काढून वेबर लाव.

उत्तर: स्पिका चालत असेल तर इंजिन मूळ ठेवताना काढायचं कारण नाही. तिचे बरेच दोष थर्मोस्टॅटिक ॲक्ट्युएटरचे असतात. तो दमला की पंपाला इंजिन थंडच वाटत राहतं आणि गाडी कायम जाड चालते, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. आधी तो बदला. मोठे कॅम घालायचे असतील तर प्रश्न वेगळा: पंपातल्या कॅमचा आकार मूळ इंजिनाच्या हवेसाठी कोरलेला आहे, त्याला नव्या कॅमची भूक कळत नाही. तेव्हा एक तर पंप त्या कामाच्या माणसाकडून बदलून घ्या, नाहीतर वेबर. वेबर लावताना इंधनपंपही बदलावा लागतो, इंजेक्शनचा दाब नीडल व्हॉल्व्हला पेलत नाही.

प्रश्न (ॲमस्टरडॅम): १३०० ज्युनियरमध्ये २००० चं इंजिन टाकतोय. मागचा डिफरन्शियल ठेवू का बदलू?

उत्तर: इंजिन जागेवर बसतं. फ्लायव्हील आणि क्लच मात्र इंजिनाबरोबरचेच घ्या, कारण १३०० व १६०० च्या क्रँकला सहा बोल्ट आहेत, १७५० व २००० ला आठ.

ज्युनियरचा डिफरन्शियल ९/४१ म्हणजे ४.५५, २००० चा १०/४१ म्हणजे ४.१. पाचवा गिअर ०.७९. १६५ एचआर १४ टायरचा फिरता घेर सुमारे १.८९ मीटर धरला तर ताशी १०० किमीला ४.१ वर इंजिन २८५० च्या आसपास फिरतं, ४.५५ वर ३१७५ च्या. ६००० ला ४.१ वर गाडी ताशी २१० किमीपर्यंत जाते, ४.५५ वर १८९. डोंगरातल्या वळणांसाठी किंवा ट्रॅकसाठी ९/४१ ठेवा, २००० च्या टॉर्कबरोबर गाडी झेपावते. तुमच्याकडच्या सपाट हमरस्त्यांवर तासन्‌तास जायचं असेल तर १०/४१. गिअरबॉक्सला मात्र दुसऱ्या गिअरचा सिंक्रो ही कमजोर जागा आहे. थंडीत पहिले काही किलोमीटर दुसरा घाईने टाकू नका, वाढलेल्या टॉर्कने तो आणखी लवकर जातो.

आरपीएमची मर्यादाही नवी ठरवा. १३००चा स्ट्रोक ७५ मिमी, २०००चा ८८.५. ७००० ला २००० च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २०.६ मीटर होतो, ६५०० ला १९.२. मूळ रॉड आणि बोल्ट असतील तर ६५०० ला थांबा.

प्रश्न (झुरिक): ताकद वाढली, पण वळणातून बाहेर पडताना मागचा ॲक्सल थडथडतो. स्प्रिंगा लहान करून गाडी ४० मिमी खाली आणली आहे.

उत्तर: थडथडण्याचं पहिलं ठिकाण म्हणजे मागच्या ॲक्सलला वरून धरणारा टी आकाराचा आर्म. त्याची रबरं झिजली की टॉर्क आल्यावर ॲक्सल गोल पिळतो आणि उसळतो. ती आणि ट्रेलिंग आर्मची बुशं बदला, शॉकॲब्सॉर्बर तपासा. ताकद वाढवण्याआधी हे काम व्हायला हवं होतं, कारण जुन्या रबरांवर वाढीव टॉर्कचा ताण सरळ त्यांच्यावरच पडतो.

४० मिमी पुढच्या बाजूला फार झालं. खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर गेले की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) जमिनीत जातं आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते, मग लोक जाड अँटीरोल बार लावून ती दाबायला बघतात. आर्म जमिनीशी जवळपास समांतर राहतील इतकंच खाली आणा, किंवा बॉल जॉइंटची जागा बदलणारा उंचीचा तुकडा चाक धरणाऱ्या स्टिअरिंग नकलमध्ये घाला. वरचा आर्म लांबी बदलता येणारा घेऊन कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे १.५ ते २ अंश, कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) ४ ते ५ अंश, टो (समोरून चाकांचं वळण) एक-दोन मिमी आत. कास्टर दोन्ही बाजूंना सारखं येईपर्यंत कॅम्बरला हात लावू नका, कास्टर ठरवणाऱ्या रॉडचं एक फिरवणं दोन्ही मापं हलवतं.

मागे ॲक्सलला धरणारे पट्टे तपासा. गाडी खाली आल्यावर तेही आणि बंप स्टॉपही त्या प्रमाणात आखूड करावे लागतात, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल बंप स्टॉपवर आदळतो आणि तुम्हाला तो आवाज थडथडण्यासारखाच वाटेल.

प्रश्न (औंध, पुणे): युरोपातल्या ई १० पेट्रोलने या गाड्यांचे जेट बदलावे लागतात का? आपल्याकडच्या ई २० ला काय होईल?

उत्तर: इथेनॉल मिसळलं की त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. एका भाग शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा, ई १० ला सुमारे १४.१, ई २० ला सुमारे १३.५. म्हणजे ई १० ला चार टक्के आणि ई २० ला नऊ टक्के जास्त. जेटचा आकडा व्यासाचा असतो, १३५ म्हणजे १.३५ मिमी, आणि प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो. म्हणून व्यास निम्म्याच टक्क्यांनी वाढवायचा: ई १० ला १३५ चा १३८ च्या आसपास, ई २० ला १४१ च्या. स्लो जेटही त्याच प्रमाणात. जेटपेक्षा तातडीचं काम रबराचं आहे. जुने पाइप इथेनॉलने मऊ होऊन आतून सोलतात आणि त्याचे कण थेट स्लो जेटमध्ये अडकतात. सगळे पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचे घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.